मर्जी आणि नियम

कारकुनाचा पेशा हा मराठी साहित्यात बहुधा विनोदाचा किंवा कीवेचा विषय झालेला आहे. विटलेला कोट, जुनी छत्री, साहेबाची खप्पा मर्जी, पहिल्या तारखेची प्रतीक्षा आणि पंधरा तारखेनंतरची उसनवार, एवढ्या भांडवलावर आपल्या विनोदी लेखकांनी कितीतरी पाने रंगविली. ती वाचून मीही मनमुराद हसलो आहे. कारण मी स्वतः केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिक आहे आणि माझे वडीलही लिपिकच होते. परंतु गेली काही वर्षे संध्याकाळी माझ्या बैठकीत जी मुले येऊन बसतात, त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट माझ्या ध्यानात येऊ लागली. हा विनोद ज्यांनी लिहिला आणि ज्यांनी वाचला, त्या दोघांच्याही घरी कारकुनी आधीच येऊन बसलेली होती. ज्यांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या आलीच नाही, त्यांना तीत हसण्यासारखे काही सापडत नाही. कचेरीचा तिटकारा काय किंवा कचेरीची ओढ काय, माणूस ती बहुतांशी घरून घेऊन येतो, असे मला वाटू लागले आहे. आणि त्याच गोष्टीचा येथे थोडा विचार करावा असा हेतू आहे.

मी राहतो तो भाग काशीतला दूधविनायक. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि दूधविनायक हा गंगेच्या काठचा मराठी माणसांचा जुना पट्टा. गल्ली एवढी अरुंद की समोरून सांड आला तर वाटसरूने जवळच्या ओट्यावर चढून त्याला वाट करून द्यावी. घरे उंच, उन्हाला खाली उतरायला जागा नाही. एके काळी या घरांतून पहाटे वेदघोष ऐकू येई. आता कित्येक घरांत भाडेकरू आहेत, काहींत यात्रेकरूंच्या उतरण्याच्या खोल्या झाल्या आहेत, आणि मराठी कुटुंबे मोजकी उरली आहेत. माझ्या बैठकीत शिकवणी अशी चालत नाही. सरकारी भरतीचे अर्ज आता संगणकावर भरावे लागतात आणि त्यात एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर मुलाचे वर्ष बुडते. तेव्हा ‘दूधविनायकवाले भैया अर्ज नीट भरून देतात’ एवढी माझी कीर्ती आसपासच्या मोहल्ल्यांत पसरली आहे. मुले येतात ती सर्व थरांतली. अर्ज भरताना वडिलांचा व्यवसाय, घरचे उत्पन्न, जात, शिक्षण हे सारे मला विचारावे लागते. त्यामुळे एरवी सख्ख्या शेजाऱ्यालाही जे विचारता येत नाही ते मला सहज कळते. अर्ज भरून होतो, चहा येतो, आणि मग मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : तुला कचेरीत कशासाठी जायचे आहे?

या प्रश्नाची उत्तरे मोठी उद्बोधक असतात. त्यांतली चार तेवढी सांगतो.

पहिले उत्तर माझ्या पुतण्याचे. तो संगणकशास्त्र शिकतो आणि अर्ज भरण्यासाठी नव्हे, चहासाठी येऊन बसतो. “काका,” तो म्हणाला, “मला नाहीच जायचे. तोच कागद, तोच शिक्का, वर साहेब आणि त्याच्या वर दुसरा साहेब. तीस वर्षांत माणसाची बुद्धी गंजून जाते.” हे उत्तर देताना त्याच्या डोळ्यांसमोर त्याचे आजोबा आणि त्याचा काका असे दोन नमुने होते, हे उघडच आहे. मी त्याचा राग मानला नाही.

दुसरे उत्तर चौकातल्या एका सधन व्यापाऱ्याच्या मुलाचे. तो विश्वविद्यालयात कायदा शिकत होता. त्याचे म्हणणे असे की जायचे तर जिल्हाधिकारी होऊन जावे, नाहीतर त्या वाटेला फिरकूच नये. त्याच्या वडिलांना कोणत्याही कचेरीत रांगेत उभे राहिलेले त्याने पाहिले नव्हते. एक दूरध्वनी केला की कागद घरी येत असे. नियम म्हणजे ज्यांची ओळख नाही त्यांना लागू होणारी गोष्ट, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

तिसरा मुलगा अलईपुऱ्याचा, विणकराचा. त्याचे वडील बनारसी साडी विणतात. साडी पुरी झाली की ती गद्दीवर नेऊन दाखवायची. गद्दीदार ती उलगडून पाहणार, कुठे धाग्याचा दोष काढणार आणि ठरलेल्या मजुरीतून मनाला येईल तेवढे कापून घेणार. त्याची पावती नाही, त्यावर दाद नाही. तो मुलगा म्हणाला, “भैया, कचेरीत महिन्याच्या शेवटी किती मिळणार हे महिन्याच्या सुरुवातीलाच माहीत असते. आमच्या घरात असे कधी झालेले नाही.”

चौथे उत्तर एका मुलीचे. तिचे वडील पंचगंगेवर नाव चालवतात आणि आई चार घरची धुणीभांडी करते. ती पदवीधर आहे. थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, “तिथे हजेरीपटावर माझे नाव पुरे लिहिलेले असेल. कुणाला वाटले म्हणून ते त्याला खोडता येणार नाही.”

ही उत्तरे ऐकल्यावर मला काही वर्षांपूर्वी वाचलेल्या एका समाजशास्त्रज्ञाची आठवण झाली. अमेरिकेतील मेल्विन कोन यांनी १९६९ साली ‘क्लास अँड कन्फॉर्मिटी’ नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आईबापांचा सामाजिक वर्ग आणि मुलांकडून त्यांच्या अपेक्षा यांचा संबंध त्यांनी त्यात तपासला. वरच्या वर्गातील बाप मुलाने स्वतःच्या बुद्धीने वागावे असे इच्छितो, तर कष्टकरी वर्गातील बाप मुलाने आज्ञाधारक असावे, बाहेरचे नियम पाळावेत असे इच्छितो, असा त्यांचा साधारण निष्कर्ष. याचे कारण त्यांनी बापाच्या कामात शोधले. ज्याच्या डोक्यावर दिवसभर मुकादम उभा असतो, त्याला आज्ञापालनातच निभाव दिसतो. ज्याला कामात स्वतः निर्णय घ्यावे लागतात, तो घरीही त्याच गुणाची किंमत करतो. हे वाचून वाटेल की माझ्या पुतण्याचे आणि त्या विणकराच्या मुलाचे कोडे सुटलेच. एकाला स्वातंत्र्य हवे, दुसऱ्याला चाकोरी हवी. एक वरच्या पायरीवरचा, दुसरा खालच्या.

पण मला ते तेवढ्यावर पटले नाही. विणकराच्या त्या मुलाला मी चांगला ओळखतो. त्याच्याइतका स्वतंत्र बुद्धीचा तरुण आमच्या पट्ट्यात क्वचितच असेल. गद्दीदाराशी भावाचा वाद घालायला घरातून तोच जातो. आज्ञापालनाची त्याला हौस नाही. त्याला हवी आहे ती एक साधी गोष्ट : आज्ञा कोणाची, कोणत्या कामापुरती आणि किती वाजेपर्यंत, हे लिहिलेले असावे. त्याचे आजवरचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या मर्जीवर गेले आहे, आणि मर्जीला वेळ नसते, सीमा नसते. माझ्या पुतण्याला नियमाचा काच होतो, कारण मर्जीखाली राहण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आलाच नाही. तो प्रसंग त्याच्या आजोबांच्या नोकरीने टाळला होता.

आश्चर्य असे की खुद्द कोन यांनाच पुढे असे काही आढळले. दोन वर्षांनी, १९७१ साली, त्यांनी नोकरशाहीतल्या माणसावर एक निबंध लिहिला. मोठ्या, नियमबद्ध संस्थांत काम करणारा माणूस झापडबंद आणि भित्रा असतो, हा सर्वत्र पसरलेला समज त्यांनी पडताळून पाहिला, तेव्हा चित्र उलटे निघाले. अशा संस्थांतील माणसे तुलनेने अधिक मोकळ्या मनाची, नव्या कल्पनांना सामोरी जाणारी आढळली. शिक्षण हे त्याचे एक कारण होतेच. पण नोकरीची शाश्वती हेही एक महत्त्वाचे कारण त्यांनी सांगितले. उद्या आपल्याला कोणी लहरीखातर काढून टाकणार नाही, हे ज्याला ठाऊक असते त्याला विचार करण्याचे धाडस होते. कारकुनाच्या बुद्धीला गंज चढतो असे म्हणणाऱ्या माझ्या पुतण्याला मी हे सांगितले. तो हसला, पण गप्प बसला.

आता आपल्या मराठी माणसांकडे वळू. आपले आणि कचेरीचे नाते जगावेगळे आहे. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस, कारखानीस, दफ्तरदार, कुळकर्णी, देशपांडे ही आपली आडनावे म्हणजे हुद्द्यांची यादीच आहे. ज्या समाजात माणसाला आपल्या पणजोबाचा हुद्दा आडनाव म्हणून मिरवता येतो, त्या समाजाला कचेरीचे नावीन्य काय असणार? पेशवाई गेली आणि इंग्रजी आली, तेव्हा या घरांनी मोडी लेखणी ठेवली आणि इंग्रजी टाक उचलला. हात तेच राहिले. लिहिणारा वर्ग तोच राहिल्यामुळे न लिहिणाऱ्या वर्गाचे हालही तेच राहिले. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात कचेरीचे जे चित्र आहे ते मेजाच्या बाहेरच्या बाजूने काढलेले आहे. त्या बाजूने कारकून हा दीनवाणा दिसत नाही. तो अडवणारा, नाडणारा, अर्ज लिहून देण्याचे पैसे घेणारा आणि त्यात भलतेच लिहिणारा दिसतो. एकाच शतकात एकाच कारकुनाची दोन चित्रे निघाली, एक कीव आणणारे आणि एक संताप आणणारे. दोन्ही खरी आहेत. चित्रकार कोणत्या बाजूला उभा होता, एवढाच त्यांच्यात फरक.

काशीतल्या आम्हा मराठी लोकांची गोष्ट याहून थोडी निराळी. आमचे पूर्वज येथे लेखणी घेऊन आले नाहीत. विद्या घेऊन आले. शिवछत्रपतींच्या १६७४ च्या राज्याभिषेकाला गेलेले गागाभट्ट याच काशीचे. पुढे मराठी सत्ता उत्तरेत पसरली तसा आमच्या वस्तीला राजाश्रयही लाभला. अहिल्याबाईंनी विश्वनाथाचे मंदिर १७८० साली उभारून पुरे केले. बायजाबाई शिंद्यांनी १८२८ साली ज्ञानवापीवर मंडप बांधला. नागपूरकर भोसल्यांच्या नावाचा घाट आजही आहे. घाट, वाडे, अन्नछत्रे यांच्या आधाराने शेकडो वैदिक कुटुंबे येथे नांदली. आमच्या समाजात या काळाची आठवण मोठ्या अभिमानाने काढतात, आणि ती काढावीच. परंतु आश्रय या शब्दाचा दुसरा अर्थ मर्जी असा आहे, हे त्या अभिमानात विसरले जाते.

माझ्या आजोबांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते दशग्रंथी नव्हते, पण संहिता त्यांना चोख येत असे. उपजीविका यजमानांवर. दक्षिणेतून यात्रेकरू आले की उपाध्यायांच्या जुन्या वह्या निघायच्या, पिढ्यांची नावे वाचली जायची, श्राद्धे व्हायची आणि दक्षिणा मिळायची. दक्षिणा म्हणजे यजमान देईल ती. मागितली तर विद्येला कमीपणा, न मागितली तर घरात चूल पेटत नाही. काही कुटुंबांना संस्थानांकडून वर्षासने होती. १९४७ ते १९४९ या काळात संस्थाने विलीन झाली, आणि १९७१ साली राजेरजवाड्यांचे तनखेही बंद झाले. त्याबरोबर तो आधार आटत गेला. माझ्या वडिलांना १९७९ साली सरकारी कचेरीत नोकरी लागली तेव्हा अण्णांना आनंद झाला की दुःख, हे घरात कोणालाच नीट कळले नाही. वडील सांगत की पहिला पगार त्यांच्या हातात ठेवला तेव्हा अण्णांनी तो दोनदा मोजला आणि विचारले, “पुढल्या महिन्यातही एवढाच?” वडील हो म्हणाले. तेव्हा अण्णा म्हणाले, “मग ही दक्षिणा नव्हे. हे तुझे आहे.”

विणकराच्या मुलाचे उत्तर ऐकताना मला अण्णांचे हे वाक्य आठवले. आमचे घर विद्येच्या उतरंडीवर सर्वांत वर आणि त्याचे घर त्या उतरंडीच्या बाहेर. पण दोन्ही घरे मर्जीवर जगलेली. म्हणून कचेरीकडे पाहण्याची दृष्टी ठरविताना केवळ घरची श्रीमंती किंवा जात पाहून भागत नाही. घर कशावर चालत आले, ओळखीवर, मर्जीवर की नियमावर, हेही पाहावे लागते. ओळखीवर चालणाऱ्या घरातल्या मुलाला नियम हा अडथळा वाटतो. नियमावर चालणाऱ्या घरातल्या मुलाला तो हवेसारखा दिसेनासा होतो, फक्त त्याचा कोंदटपणा तेवढा जाणवतो. मर्जीवर चालणाऱ्या घरातल्या मुलाला तो छप्पर वाटतो.

नियम हा मर्जीला उतारा म्हणूनच जन्माला आला, असे इतिहासही सांगतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या वरच्या जागा संचालकांच्या शिफारशीने भरल्या जात. १८५४ साली मेकॉलेच्या समितीने ती पद्धत बंद करून स्पर्धापरीक्षा घेण्याची शिफारस केली आणि १८५५ साली पहिली परीक्षा झाली. पण नियम करणाऱ्याच्या हाती नियम वाकविण्याचीही कला असते. परीक्षा लंडनमध्ये; वयाची मर्यादा पुढे १८७८ पासून १९ वर्षांवर आणलेली; हिंदी तरुणाने समुद्र ओलांडायचा आणि इंग्रजी शाळांत वाढलेल्या मुलांशी टक्कर द्यायची. ही परीक्षा हिंदुस्थानात, आमच्या शेजारी अलाहाबादेस, घेतली जाऊ लागली ती १९२२ साली. इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के राखून ठेवण्याचा हुकूम काढला. मेजाच्या बाहेर उभ्या असलेल्यांना आत घेण्यासाठी लिहिलेला हा नियम होता.

आमच्या डोळ्यांदेखतचा एक बदल सांगतो. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने अराजपत्रित आणि त्याखालच्या जागांसाठी मुलाखत घेणे बंद केले. त्या वेळी पुष्कळांनी नाके मुरडली. माणसाची पारख कागदावर कशी होणार, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांना मला विचारावेसे वाटे की मुलाखतीत पारख कशाची होत असे? बसण्याची ढब, बोलण्यातला आत्मविश्वास, उच्चार, पोशाख आणि ‘वडील काय करतात’ या प्रश्नाचे उत्तर. यांतले मुलाने स्वतः कमावलेले असे थोडेच असते. बाकीचे घरून आलेले असते. पंचगंगेची ती मुलगी माझ्यापुढेदेखील खुर्चीच्या कडेवर टेकून बसते. मुलाखत असती तर तिच्या त्या बसण्यालाच गुण मिळाले असते, आणि ते कमीच मिळाले असते.

म्हणून नियमाचे मी केवळ गुणगान करावे, असेही नाही. नियमाची सावली सर्वांवर सारखी पडत नाही. नियम लिहिलेला असतो, आणि लिहिलेल्याचा फायदा घ्यायचा तर घरात लिहिण्याची रीत असावी लागते. आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तीत वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, घराच्या कराच्या पावत्या, लग्नपत्रिका, सारे सालवार लावून ठेवलेले. मला कोणताही दाखला मागितला की पाच मिनिटांत सापडतो. विणकराचा मुलगा कागद आणतो ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी घातलेले, घडीवर विरलेले. तीन कागदांवर त्याच्या वडिलांचे नाव तीन प्रकारे लिहिलेले. कुठे एक अक्षर जास्त, कुठे कमी. लिहिणाऱ्याने ऐकले तसे लिहिले, आणि ज्याचे नाव त्याला ते वाचता आले नाही. त्या एका अक्षरासाठी त्याला प्रतिज्ञापत्र करावे लागते, त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते. नियम निष्ठुर नसतो. पण तो आंधळा असतो, आणि आंधळ्याचा धक्का लागतो तो वाटेत उभ्या असलेल्यालाच.

शिवाय खुर्ची मिळाली म्हणजे मान मिळतोच असेही नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून फेकीत, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. राहायला जागा मिळेना, म्हणून अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले. खुर्ची नियमाने दिली होती; तिच्याभोवतीची माणसे मात्र आपापल्या घरची शिकवण घेऊनच कचेरीत आली होती. आज कागद कोणी उघडपणे फेकीत नाही. तरी कोणाच्या हाताखाली काम करताना कोणाला अवघडल्यासारखे होते, चहाच्या वेळी कोणाभोवती घोळका जमतो आणि कोण एकटा राहतो, हे आत बसणाऱ्याला समजते.

आणखी एक कटू गोष्ट आहे. मर्जीखाली वाढलेले प्रत्येक मूल नियमाच्या प्रेमाने कचेरीत येते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. काही मुले स्पष्ट सांगतात की बापाने आयुष्यभर प्रत्येक खिडकीवर पैसे चारले, आता आपण खिडकीच्या आत बसू. त्यांना मर्जी नाहीशी करायची नसते. ती आपल्या हाती यावी एवढेच हवे असते. अशा मुलांशी वाद घालण्यात मी वेळ दवडत नाही. फक्त सांगतो की तुझा बाप ज्या रांगेत उभा होता, त्या रांगेत उद्याही कोणाचा तरी बाप उभा असेल. कोणाला ते लागते, कोणी खांदे उडवून निघून जातो.

आता माझ्या पुतण्याकडे परत येतो. कारण त्याचा मुद्दा मी अर्ध्यावर सोडला आहे. तो म्हणतो की या खुर्चीमागे धावणे हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि आकडे त्याच्या बाजूचे आहेत. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले की २०१४ पासूनच्या आठ वर्षांत केंद्राच्या नोकऱ्यांसाठी २२ कोटी ५ लाख अर्ज आले आणि ७ लाख २२ हजार उमेदवारांची शिफारस झाली. म्हणजे सुमारे तीनशे अर्जांमागे एक. हे आकडे भरणाऱ्यांतला मीही एक आहे. त्यांतले काहीशे अर्ज माझ्या बैठकीत बसून भरले गेले असतील. पगाराचे म्हणाल तर सातव्या वेतन आयोगाने कनिष्ठ लिपिकाचे मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू केले. वडिलांना मिळते तसे जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना राहिले नाही; १ एप्रिल २०२५ पासून खात्रीच्या निवृत्तिवेतनाची नवी योजना आली आहे, तीत कर्मचाऱ्याचाही वाटा कापला जातो. पुतण्या हे सारे जाणतो आणि विचारतो, “काका, एवढ्यासाठी माणसाने तारुण्याची सहा-सात वर्षे घालवायची?”

त्याला मी पुण्याच्या सदाशिव पेठेचे उदाहरण देतो. एके काळी ही पेठ म्हणजे मराठी पांढरपेशाचे माहेरघर. कारकून, मास्तर आणि निवृत्तिवेतन घेणारे यांची वस्ती. आज तिच्या बोळांतून अभ्यासिका निघाल्या आहेत, आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेशातल्या शेतकऱ्यांची मुले तेथे एका टेबलाच्या भाड्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत वाचीत असतात. ज्यांच्या आजोबांना कुळकर्ण्याने नाडले त्यांचे नातू तलाठी व्हायला निघाले आहेत, आणि कुळकर्ण्यांचे नातू संगणक घेऊन परदेशी गेले आहेत. एका वर्गाला जी खोली सोडावीशी वाटते, तीच खोली दुसऱ्या वर्गाला घ्यावीशी वाटते. सोडणाऱ्याने तिला कोंदट म्हणावे, तो तेथे जन्मला आहे. पण घेणाऱ्याला त्याने वेडा म्हणू नये.

काशीच्या शेजारच्या लमहीत जन्मलेल्या प्रेमचंदांचे उदाहरण पुतण्याने मला ऐकवले. टपाल कारकुनाचा हा मुलगा शिक्षणखात्यात चढला, आणि १९२१ साली असहकाराच्या हाकेबरोबर नोकरीचा राजीनामा देऊन मोकळा झाला. त्या त्यागापुढे माझेही मस्तक नम्र होते. पण लाथाडायला खुर्ची असावी लागते. विणकराच्या मुलाला आणि नावाड्याच्या मुलीला अजून ती मिळायची आहे. ज्या दिवशी त्यांची मुले कचेरीला कंटाळलेली दिसतील, त्या दिवशी त्यांच्या घरात काहीतरी स्थिर झाले असे मी समजेन. तो कंटाळा हीसुद्धा एक मिळकत आहे, आणि ती वारशानेच मिळते. माझ्या पुतण्याला ती तीन पिढ्यांनी मिळाली. त्याने ती सुखाने उपभोगावी; फक्त ती आपल्या बुद्धीची कमाई आहे असे समजू नये.

नावाड्याच्या मुलीचे वय आता एकोणतीस आहे. लिपिकाच्या भरतीला तिच्या वर्गासाठी वयाची मर्यादा तीस वर्षांची. दोन वेळा ती थोड्या गुणांनी राहिली. या वर्षीचा अर्ज तिचा बहुधा शेवटचा. परवा तो भरताना मी तिला न राहवून विचारले की झाले नाही तर काय करशील? आतापर्यंत तिने मोहल्ल्यातल्या पंधरा-वीस बायकांचे अर्ज लिहून दिले आहेत, कुणाच्या विधवावेतनाचे, कुणाच्या शिधापत्रिकेचे. माहितीच्या अधिकाराखाली दोन अर्ज करून एका म्हातारीचे अडकलेले पैसेही तिने सोडवले. हे मला तिच्याकडून नव्हे, त्या म्हातारीकडून कळले. मुलगी एवढेच म्हणाली, “भैया, नियम काय आहे ते मला आता वाचता येते. बाहेर राहिले तरी रांगेत उभी राहून तो वाचून दाखवीन.”

मग तिने अर्जातले आपले नाव एकेका अक्षरावर बोट ठेवून तपासले, आणि पाठवा म्हणाली.